भोक बुजलं, मग बाळाच्या फुप्फुसांना काय झालं?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. माझ्या मुलीच्या हृदयात मोठं भोक होतं. ती सहा महिन्यांची असताना पुण्यात ऑपरेशन झालं. वजन तेव्हा पावणेपाच किलो. भोक नीट बंद झालं, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. पण तिसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढली आणि रात्रीत परत घालावी लागली. डावं फुप्फुस बसलं म्हणाले. पडदा हलतो का ते बघायला सोनोग्राफी केली. एकदा नळीतला चिकटा ओढताना ती निळी पडली. पुढे छातीतल्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी यायला लागलं आणि माझं दूधच बंद केलं. सहा आठवडे वेगळी पावडर द्यायची आहे. घरी येऊन आता दहा दिवस झाले. एक गोळी पाण्यात विरघळवून दिवसातून तीनदा द्यायला सांगितली आहे, पण ही पुरुषांची गोळी आहे असं मेडिकलवाल्याने मिस्टरांना सांगितलं, म्हणून त्यांनी ती दोन दिवसांपासून बंद केली. ऑपरेशन फसलं असं सासूबाईंना वाटतं. मी ग्रहण पाळलं नाही असंही म्हणतात. त्यांना बाळाला शेक-धुरी सुरू करायची आहे. ऑपरेशन हृदयाचं झालं, तर त्रास फुप्फुसाला का? माझं दूध बाधलं का? आम्ही उशीर केला का? ती इतर मुलींसारखी खेळेल का?

उत्तर

ताई,

आधी गोळीचं. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी आपलं फोनवर बोलणं झालं, तुम्ही पुण्याच्या डॉक्टरांना विचारलंत आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू झाली. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण मेडिकलच्या काउंटरवर हा प्रसंग पुष्कळ आईबापांच्या वाट्याला येतो.

गोळीचं नाव सिल्डेनाफिल. ती पुरुषांच्या एका तक्रारीसाठी विकली जाते हे खरं आहे. पण ती करते काय, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते, आणि फुप्फुसातल्या वाहिन्यांवर तिचा हा परिणाम चांगला होतो. फुप्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी अमेरिकेत तिला २००५ साली मान्यता मिळाली. तुमच्या मुलीच्या फुप्फुसातलं प्रेशर अजून पूर्ण उतरलेलं नाही, म्हणून ती दिली आहे. ही गोळी अचानक बंद केली तर उतरत आलेलं प्रेशर पुन्हा उसळू शकतं, आणि अशा बाळाला ते झेपत नाही. एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी करून हृदयाचे डॉक्टरच ती हळूहळू कमी करतील आणि मग थांबवतील. तुमच्या मिस्टरांनी काळजीपोटीच बंद केली, त्यांच्यावर रागावू नका. पण कुठल्याही औषधाची शंका आली की ते बंद करण्याआधी फोन करायचा, हे घरात सगळ्यांशी बोलून ठेवा.

देताना गोळी पाण्यात नीट ढवळा, भुकटी तळाशी बसते. किती मिलीलीटर भरायचं ते सिरिंजवर रुग्णालयातूनच पेनाने खूण करून घ्या. मिलिग्रॅम आणि मिलीलीटर यांच्यातला गोंधळ मी चांगल्या शिकलेल्या घरांतही पाहिला आहे. एखादा डोस राहिला तर पुढचा दुप्पट देऊ नका. आणि गावातल्या डॉक्टरांनी सर्दी-तापाला काही लिहून दिलं तर बाळाला ही गोळी चालू आहे हे त्यांना आवर्जून सांगा, कारण काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची काही औषधं तिच्याबरोबर चालत नाहीत.

आता तुमचा मोठा प्रश्न. ऑपरेशन हृदयाचं, मग त्रास फुप्फुसाला का?

हृदयाच्या डाव्या बाजूचं प्रेशर उजव्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त असतं. या दोन बाजूंमधल्या पडद्याला मोठं भोक असलं की फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त शरीराकडे जायच्या ऐवजी भोकातून उजवीकडे जातं आणि परत फुप्फुसात शिरतं. जन्मानंतर पहिले काही आठवडे फुप्फुसातल्या वाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे रक्त फारसं तिकडे जात नाही. म्हणून सवा महिन्यापर्यंत बाळ छान दिसतं. मग त्या वाहिन्या सैल पडतात आणि लोंढा वाढतो. दूध पिताना कपाळाला घाम, दोन घोट पिऊन धाप, वजन न वाढणं, पुन्हापुन्हा न्यूमोनिया. हे सगळं तुम्ही पाहिलंच असेल.

तुम्ही शेतकरी घरातल्या आहात, म्हणून असं सांगते. पाट फुटून रानात महिनोन्‌महिने पाणी शिरत राहिलं आणि एक दिवस भगदाड बुजवलं, तरी लगेच दुसऱ्या दिवशी पाळी घालता येत नाही. वाफसा यायला वेळ लागतो. ऑपरेशनने भगदाड बुजलं. पण त्या दिवशीपर्यंत फुप्फुसं ओली आणि जड झालेली होती, आणि लोंढा सोसून सोसून त्यातल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्या. त्या जाड वाहिन्या जरा काही टोचलं, खोकला आला, चिकटा ओढला की एकदम आवळतात. रक्त पुढे सरकतच नाही आणि बाळ निळं पडतं. तुम्ही पाहिलंत ते हेच असणार. म्हणूनच अशा बाळांना पहिले काही दिवस झोपेचं औषध देऊन शांत ठेवतात, आणि गरज पडली तर श्वासाबरोबर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू देतात. तो फुप्फुसातल्या वाहिन्याच तेवढ्या सैल करतो.

शिवाय ऑपरेशनचा स्वतःचा भार असतो. हृदय उघडलेलं असताना रक्त शुद्ध करण्याचं आणि फिरवण्याचं काम हार्ट-लंग मशीन करतं. तेवढा वेळ फुप्फुसं हवा काढून मिटून पडलेली असतात. रक्त मशीनच्या नळ्यांमधून फिरल्यामुळे अंगभर सूज येते, फुप्फुसातही पाणी झिरपतं. त्यात तुमच्या मुलीचं हृदय मोठं झालेलं, आणि ते डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागावर टेकतं. श्वासाच्या नळ्या तर इतक्या बारीक की चिकट्याचा एक गोळा अडकला तरी पुढचा सगळा भाग हवेविना मिटतो. एक्स-रेमध्ये तो भाग पांढरा दिसतो. "फुप्फुस बसलं" म्हणतात ते हे. त्यावर उपाय म्हणजे कूस बदलत राहणं, वाफ, चिकटा ओढणं, आणि फिजिओथेरपिस्टचं छातीवर हलकं थापटणं. एवढ्याशा छातीवर तळहात मावत नाही, म्हणून फिजिओथेरपिस्ट बाळाचा छोटा गोल मास्क उलटा धरून टकटक करतात. कदाचित तुम्ही काचेतून पाहिलंही असेल. नळी परत घालावी लागणं आईच्या काळजाचं पाणी करतं, पण दमलेल्या बाळाला तशीच धाप टाकू देण्यापेक्षा वेळेवर नळी घालणं हेच योग्य होतं.

सोनोग्राफीबद्दल. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा मुख्य स्नायू असतो, तोच तो पडदा. त्याची नस हृदयाच्या आवरणावरून खाली जाते आणि ऑपरेशनमध्ये कधी ताणली जाते. लहान बाळ जवळजवळ सगळा श्वास या पडद्यावरच घेतं, कारण बरगड्यांचे स्नायू अजून कच्चे असतात. म्हणून नळी निघत नसेल तर पडदा हलतो का ते बघतात. तुमच्या कागदावर दोन्ही बाजू हलत असल्याचं लिहिलं आहे. तो विषय तिथेच संपला.

तेव्हा ऑपरेशन फसलं का? नाही. १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी एका लहान मुलाच्या हृदयाचं असंच भोक बंद केलं. मशीन वापरलंच नाही, मुलाचं रक्त त्याच्या वडिलांच्या शरीरातून फिरवलं. भोक पक्कं बुजलं होतं, पण अकरा दिवसांनी ते मूल न्यूमोनियाने गेलं. त्या काळात लहान बाळांसाठी आजच्यासारखे व्हेंटिलेटर नव्हते आणि अतिदक्षता विभागही नव्हते. हृदयाचं काम झाल्यावर फुप्फुसांची लढाई वेगळी लढावी लागते, हे या क्षेत्रातल्या लोकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आपल्याकडे ते आईबापांना ऑपरेशनच्या आधी बसवून नीट सांगितलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आधी सांगितलं असतं तर त्या पंचवीस-सव्वीस दिवसांत बाहेरच्या बाकावर बसून तुमच्या घरात एकमेकांना दोष देणं झालं नसतं. तुमची मुलगी ती लढाई लढून घरी आली आहे.

उशीरही झालेला नाही. एवढं मोठं भोक पहिल्या वर्षाच्या आत, आणि त्रास होत असेल तर सहा महिन्यांच्या आसपास बंद करायचं असतं. त्यानंतर वाहिन्या कायमच्या कडक व्हायला लागतात आणि मग भोक बंद करणंच धोक्याचं होतं. तुम्ही योग्य वेळेत पोचलात.

आता दूध. पत्रातली ही ओळ मी परत परत वाचली.

तुमचं दूध बाधलं नाही. आपण जी चरबी खातो ती आतड्यातून थेट रक्तात जात नाही. ती बारीक लसिकावाहिन्यांमधून गोळा होते, मग छातीत पाठीच्या कण्याजवळून वर जाणाऱ्या एका मोठ्या वाहिनीत येते आणि डाव्या बाजूला मानेच्या बुंध्याशी रक्तात मिसळते. ही वाहिनी आणि तिच्या फांद्या इतक्या नाजूक असतात की ऑपरेशनमध्ये दुखावल्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत. कधी इजा नसते, नुसतं शिरांमधलं प्रेशर वाढल्यामुळे गळती होते. हृदयाच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या तीन-चार बाळांना हे होतं. बाळ उपाशी असतं तोवर छातीतल्या नळीतलं पाणी पिवळसर असतं, नर्स बाटलीवर पेनाने रेघ मारून वेळ लिहीत असतात, कुणाला काही कळत नाही. मग दूध सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत पांढरं दिसतं. साहजिकच आईला वाटतं, माझं दूध छातीत गेलं. गेलेली असते ती दुधातली पचलेली चरबी, आणि ती आईच्या दुधाने गेली असती तशी गाईच्या दुधानेही गेली असती.

पावडर दिली आहे तिच्यातली चरबी वेगळ्या जातीची असते. डॉक्टर तिला एमसीटी म्हणतात. ती लसिकेच्या वाटेने न जाता सरळ यकृताकडे जाते, त्यामुळे गळतीची जागा कोरडी राहते आणि भरून येते. सहा आठवडे सांगितले असतील तर सहा आठवडेच. आठव्या दिवशी बाळ हसायला लागलं म्हणून एक घोट अंगावर पाजू नका. कुणीतरी तुम्हाला सांगेल की एमसीटी म्हणजे खोबरेल तेलच. तसं नाही. खोबरेलातली बरीचशी चरबी नेहमीच्याच वाटेने जाते, ते देऊ नका.

मुलगी सात महिन्यांची आहे म्हणजे वरचं अन्न सुरू करायची वेळ झाली. तांदळाची पेज, फोडणी न दिलेलं मुगाच्या डाळीचं पाणी आणि मग डाळ, पाण्यात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, केळं, उकडलेला बटाटा, भोपळा. हे सगळं पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञांना दाखवून चालेल. तूप, गाई-म्हशीचं दूध, अंड्याचा बलक, शेंगदाण्याचं कूट सध्या नको. बाळाला तूप नाही म्हणजे आपल्याकडे जीव तुटतो, पण हे मोजके आठवडे आहेत.

आणि तुमचं दूध आटू देऊ नका. दर तीन तासांनी हाताने किंवा पंपाने काढत राहा, रात्री एकदा तरी. सहा आठवड्यांनी ती पुन्हा अंगावर पिऊ शकेल. काही मोठ्या रुग्णालयांत आईच्याच दुधातली साय यंत्राने वेगळी काढून ते दूध बाळाला देतात. तुमच्या रुग्णालयात ती सोय आहे का ते विचारून बघा. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली सुरू झालेल्या मातृदुग्ध पेढीसारख्या पेढ्या आता इतर शहरांतही आहेत. तुम्ही शहराजवळ असता तर तुमचं दूध दुसऱ्या बाळाच्या उपयोगी पडलं असतं. गावात राहून ते जमणार नाही, तर नाही. त्याचा सल मनात ठेवू नका.

पुढचा मजकूर सासूबाईंना वाचून दाखवा.

आजी, नमस्कार. रुग्णालयाच्या जिन्यात तुम्हीही रात्री काढल्या असणार. हृदय पोटात पहिल्या दोन महिन्यांतच तयार होतं, पुष्कळदा दिवस गेलेत हे नक्की कळायच्या आत. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. हजारात आठ-दहा बाळं हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्मतात, ग्रहण पाळणाऱ्या घरांतही आणि न पाळणाऱ्या घरांतही. तुमच्या सुनेच्या हातून काहीही चुकलेलं नाही. तुमची एक गोष्ट मात्र मला हवी आहे. ओवा-वावडिंगाची धुरी, खाटेखालची शेगडी, मच्छर अगरबत्ती, उदबत्ती हे सगळं या बाळाच्या खोलीतून वर्षभर तरी लांब ठेवा. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर बाळाला त्या वेळी ओसरीवर न्या. धूर या फुप्फुसांना चालत नाही. नाकात तेलाचे थेंब सोडायचे नाहीत, ते फुप्फुसात उतरतं. धाप लागली तर पोटावर बिब्ब्याचा चटका नाही, गाडी काढायची. हातापायांना हलकं तेल लावा. छातीवर मात्र सहा ते आठ आठवडे हात लावायचा नाही, कारण छातीचं मधलं हाड कापून जोडलेलं आहे. तेवढे दिवस बाळाला काखेत धरून किंवा हात ओढून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली, आणि सगळं बाळ एकदम वर. हे तुम्हाला कुणापेक्षाही चांगलं जमेल.

ताई, आता धोक्याच्या खुणा. बाळ शांत झोपलेलं असताना पोटावरचं कापड वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ५० किंवा त्याहून जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट उडत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, श्वासागणिक कण्हत असेल, ओठ-जीभ निळी किंवा राखाडी दिसत असेल, पिता पिता गळून झोपत असेल तर दिवसाची वाट न बघता लगेच निघा. पांढरं पाणी घरी गेल्यावरही छातीत परत भरू शकतं, आणि त्याची पहिली खूण बहुतेक वेळा श्वासाचा वेग हीच असते. मोठ्या माणसांचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर चुकीचे आकडे दाखवतो. तो ९५ दाखवतोय म्हणून घरी थांबू नका, बाळाकडे बघा.

पहिल्या सहा आठवड्यांत ताप आला, किरकिर वाढली, चेहरा सुजला तर हृदयाभोवती पाणी जमल्याची शक्यता असते. जखम लाल झाली, पू आला, उचलताना हाडाचा कटकट आवाज आला, तरी दाखवायचंच. लघवी जास्त होण्याचं औषध चालू असेल आणि जुलाब-उलट्या लागल्या तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा, बाळ फार लवकर कोरडं पडतं. रडण्याचा आवाज बसलेला असेल आणि पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा. श्वासाच्या नळीने किंवा आवाजाची नस दुखावल्याने असं होतं, आणि मग दूध श्वासनळीत जाण्याची भीती असते.

लग्नं, जत्रा, वारीची गर्दी दोन महिने नको. सर्दी झालेल्या माणसाने बाळाला घ्यायचंच नाही, मग तो सख्खा मामा असो. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते. ती सरकारी वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते, पण या बाळासाठी तो खर्च करा, आणि जमलं तर घरातल्या मोठ्यांनीही घ्या. न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात मोफत आहे, तिचे डोस पूर्ण झालेत का ते कार्डावर बघा. ऑपरेशनमध्ये रक्त दिलेलं असतं, त्यामुळे नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस कधी घ्यायची हे हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारून, ते फाइलवर लिहून घ्या. नाहीतर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरची आणि तुमची ओढाताण होईल.

तपासण्यांचा खर्च आणि पुण्याच्या खेपा हा खरा अडसर असतो, मला माहीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या अंगणवाडीत येतं. आशाताईंना सांगून त्यांच्याकडे मुलीचं नाव घाला. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं केंद्र असतं, तिथे वजन, वाढ आणि मानेची-बसण्याची प्रगती बघतात. महिनाभर आजारी पडलेली बाळं बसायला, रांगायला थोडी मागे राहतात. त्याला व्यायाम असतो, तो लवकर सुरू केलेला बरा. एकोसाठी मात्र हृदयाच्या डॉक्टरांकडेच जा, आणि त्या वेळी दोन गोष्टी नेमक्या विचारा. भोकावर लावलेल्या ठिगळाच्या, म्हणजे पॅचच्या, कडेने काही गळती उरली आहे का, आणि फुप्फुसातलं प्रेशर किती आहे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि एकोचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा आणि सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. रात्री-बेरात्री तालुक्याला जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

ती खेळेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. वेळेत भोक बंद झालेली आणि फुप्फुसातलं प्रेशर उतरलेली बहुतेक मुलं शाळेत इतरांबरोबर पळतात, आणि छातीवरची रेघ सोडली तर ओळखू येत नाहीत. तुमच्या बाजूची आणखी एक गोष्ट म्हणजे तिचं वय. या वयात फुप्फुसं अजून तयार होत असतात, हवेच्या नव्या पिशव्या पुढची काही वर्षं वाढतच राहतात. प्रेशर पूर्ण उतरायला काही आठवडे लागतील, कधी काही महिने. सहा आठवड्यांच्या एकोनंतर प्रेशरचा आकडा आणि तिचं वजन मला कळवा. दूध परत सुरू करायचं कसं, ते तेव्हा बोलू.